बरोबरीत आधी कोण?

वार्षिक परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासून झाल्या आहेत. गठ्ठा हजेरीपटाप्रमाणे, म्हणजे नावांच्या वर्णानुक्रमाने लावलेला आहे. आता त्यावरून गुणानुक्रमे यादी करायची आहे. सोयीसाठी पाचच पत्रिका घेऊ : अनिता ७२, गणेश ६५, फातिमा ७२, मंदा ८०, रमेश ६५. मंदा पहिली, यात वाद नाही. पण दुसरी कोण? अनिता की फातिमा? ‘ज्याचे गुण जास्त तो आधी’ एवढाच नियम असेल, तर तो येथे मुका होतो. बहुतेक शिक्षक अशा वेळी फारसा विचार न करता अनिताला आधी ठेवतील, कारण मूळ गठ्ठ्यात ती आधी होती.

संगणकाला हेच काम सांगितले, तर तोही अनिताला आधी ठेवील का? हा प्रश्न क्षुल्लक वाटतो. पण यंत्रांनी क्रमवारी लावण्याच्या इतिहासात त्याचे उत्तर आधी ‘होय’, मग ‘सांगता येत नाही’ आणि अलीकडे बहुतांशी पुन्हा ‘होय’ असे बदलत गेले आहे. ते का बदलले, हे पाहण्यासारखे आहे. कारण प्रवेशाच्या यादीत शेवटची जागा एकच उरलेली असते आणि तिच्यासाठी सारख्या गुणांचे दोघे उभे असतात, तेव्हा हा प्रश्न क्षुल्लक राहत नाही.

दोन रीती, दोन निकाल

प्रथम दोन रीती हातानेच करून पाहू. पहिली रीत पत्ते खेळताना आपण वापरतो ती. टेबलावरची एकेक पत्रिका क्रमाने उचलायची आणि हातातल्या पत्रिकांत योग्य जागी खोचायची. गुण सारखे असतील, तर आधीच हातात असलेल्या पत्रिकेच्या मागे. अनिता उचलली, तिच्यामागे गणेश. फातिमा अनिताच्या मागे पण गणेशच्या पुढे. मंदा सर्वांच्या पुढे. रमेश गणेशच्या मागे. अखेर क्रम लागला : मंदा, अनिता, फातिमा, गणेश, रमेश. सारख्या गुणांच्या मुलांचा आपसातला मूळ क्रम टिकून राहिला. ज्या रीतीत असे हमखास घडते, तिला ‘स्थिर’ म्हणतात.

दुसरी रीत अशी. सर्वांत जास्त गुणांची पत्रिका शोधायची आणि तिची पहिल्या जागेवरच्या पत्रिकेशी अदलाबदल करायची. मग उरलेल्यांतली सर्वांत मोठी शोधून दुसऱ्या जागेवरचीशी अदलाबदल, असे पुढे. मंदा पहिल्या जागी आली आणि तेथली अनिता मंदाच्या जागी, म्हणजे चौथ्या ठिकाणी गेली. या उडीत तिने फातिमाला ओलांडले! आता उरलेल्यांत सर्वाधिक गुणांची पहिली पत्रिका फातिमाची सापडते, म्हणून ती दुसऱ्या जागी येते. अखेर क्रम लागतो : मंदा, फातिमा, अनिता, गणेश, रमेश. गुणांच्या दृष्टीने ही यादीही बिनचूक आहे. पण बरोबरीतल्या दोघींचा क्रम उलटला, आणि तो कोणी ठरवून उलटवलेला नाही. ही ‘अस्थिर’ रीत.

कारणही लक्षात आले असेल. दूरच्या दोन जागांची थेट अदलाबदल होते, तेव्हा वाटेत उभ्या असलेल्या बरोबरीच्या सोबत्याची दखल कोणी घेत नाही.

भोकांच्या कार्डांचा काळ

अमेरिकेत १८९० सालच्या जनगणनेत सुमारे ६ कोटी ३० लाख माणसांची माहिती हाताळायची होती. आधीच्या, म्हणजे १८८०च्या जनगणनेचे कोष्टकीकरण पुरे व्हायला दशकाचा बराचसा भाग गेला होता. या वेळी हर्मन हॉलरिथ या अभियंत्याची विजेवर चालणारी यंत्रे वापरण्यात आली. प्रत्येक माणसामागे एक कार्ड आणि माहितीप्रमाणे त्यात पाडलेली भोके. यंत्र भोके ‘वाचून’ मोजणी करी आणि शेजारच्या खणांच्या पेटीतले योग्य झाकण आपोआप उघडे. कारकुनाने कार्ड त्या खणात टाकायचे. हॉलरिथची कंपनी १९११मध्ये इतर कंपन्यांबरोबर एकत्र झाली आणि १९२४ साली त्या उद्योगाचे नाव ‘आयबीएम’ असे झाले.

पुढे कार्डे वेगळी करण्याचे कामही यंत्रच करू लागले. १९२८पासून ८० स्तंभांचे कार्ड रूढ झाले. वर्गीकरण यंत्राला १३ खण असत : कार्डावरील १२ ओळींसाठी १२ आणि भोक नसलेल्या कार्डांसाठी एक. मात्र यंत्र एका फेरीत एकाच स्तंभाकडे, म्हणजे संख्येच्या एकाच अंकाकडे पाही. मग पाच अंकी क्रमांकांची दहा हजार कार्डे कशी लावायची?

आपल्याला सुचते ती रीत म्हणजे डावीकडून सुरुवात करणे. आधी दशहजाराच्या अंकाप्रमाणे दहा ढीग, मग प्रत्येक ढिगाचे पुन्हा दहा. या रीतीत ढिगांची संख्या वाढत जाते आणि माणूस गोंधळतो. यंत्र चालवणारे उलट दिशेने जात. आधी एकक स्थान, मग दशक, मग शतक. एक लहान उदाहरण घेऊ : ३४, २७, ३१, १४, २१. एकक स्थानाप्रमाणे खणांत टाकून क्रमाने गोळा केल्यावर मिळते ३१, २१, ३४, १४, २७. अजून सारे विस्कळीतच दिसते. आता दशक स्थानाप्रमाणे टाका आणि गोळा करा : १४, २१, २७, ३१, ३४. क्रम लागला!

ही जादू कशामुळे घडली? दुसऱ्या फेरीत २१ आणि २७ एकाच खणात पडले. दशकाच्या दृष्टीने ते ‘सारखे’ आहेत. तरी २१ आधी राहिले, कारण पहिल्या फेरीत ते आधी आले होते आणि खणाने तो क्रम मोडला नाही. म्हणजे ही सगळी रीतच स्थिरतेवर उभी आहे. खणातली कार्डे कोणी पिसली, तर आधीच्या फेरीची मेहनत वाया जाईल. १९४०च्या दशकाच्या अखेरीला आलेले आयबीएमचे ८२ क्रमांकाचे यंत्र मिनिटाला ६५० कार्डे हाताळी. त्या वेगाने दहा हजार कार्डांच्या एका फेरीला सुमारे १५ मिनिटे, म्हणजे पाच फेऱ्यांना सव्वा तासाहून थोडे अधिक लागतील. ‘स्थिर’ हा शब्द न वापरताही यंत्रचालकांची एक पिढी स्थिरतेवर विसंबून काम करत होती.

संगणक आल्यावरही सुरुवात अशीच झाली. १९४५ साली जॉन फॉन नॉयमन यांनी ‘एडव्हॅक’ या नियोजित संगणकासाठी जी आज्ञावली हाताने लिहिली, ती आकडेमोडीची नव्हती, क्रमवारीची होती. यंत्र हिशेबापलीकडची कामेही करू शकेल का, हे त्यांना तपासायचे होते. त्यांची रीत विलीनीकरणाची. क्रमाने लावलेले दोन ढीग समोर ठेवायचे आणि दोन्हींच्या वरच्या पत्रिकांची तुलना करून योग्य ती उचलत जायची. बरोबरी झाली, तर डाव्या ढिगातली आधी उचलायची, एवढे पथ्य पाळले की ही रीत स्थिर होते. आज्ञावलीत हा फरक ‘लहान’ आणि ‘लहान किंवा समान’ या दोन चिन्हांइतकाच असतो. तिची एक अडचण मात्र आहे. नवा ढीग रचायला स्मृतीत जवळजवळ तेवढीच जागा आणखी लागते, आणि त्या काळी स्मृती फार महाग होती.

सहा पेन्सांची पैज

१९५९-६० साली टोनी होर हा इंग्लंडचा तरुण मॉस्को विद्यापीठात शिकत होता. त्याने ऑक्सफर्डमध्ये ग्रीक-लॅटिनचा अभ्यास केला होता आणि नौदलातील नोकरीत तो रशियन शिकला होता. रशियन मजकुराचे यंत्राकडून इंग्रजीत भाषांतर करण्याचा विचार तेव्हा चालू होता. शब्दकोश चुंबकीय फितीवर वर्णानुक्रमे असे. फीत पुन्हा पुन्हा मागेपुढे करण्याऐवजी वाक्यातले शब्दच आधी वर्णानुक्रमे लावले, तर एका फेरीत सारे अर्थ सापडतील. त्यासाठी झटपट रीत हवी होती, आणि होरला ‘क्विकसॉर्ट’ सुचली.

रीत अशी. गठ्ठ्यातली एक पत्रिका प्रमाण म्हणून निवडायची. एक बोट डाव्या टोकावर, एक उजव्या टोकावर. डाव्या बाजूला चुकीने असलेली आणि उजव्या बाजूला चुकीने असलेली अशी जोडी सापडली की अदलाबदल. बोटे भेटली की गठ्ठ्याचे दोन भाग झाले. मग प्रत्येक भागावर पुन्हा तेच. जादा जागा नाममात्र लागते आणि वेग विलक्षण. शेजारच्या जोड्या तपासत जाणाऱ्या साध्या रीतीला दहा लाख नोंदींसाठी सुमारे ५० हजार कोटी तुलना लागू शकतात. क्विकसॉर्टला सरासरी अडीच-तीन कोटी पुरतात.

इंग्लंडला परतल्यावर होर एका संगणक कंपनीत नोकरीला लागला. तेथे त्याला डोनाल्ड शेल यांनी १९५९मध्ये प्रसिद्ध केलेल्या रीतीची आज्ञावली लिहायला सांगण्यात आले. ती लिहून दिल्यावर आपली रीत बहुधा हिच्याहून वेगवान आहे, असे तो वरिष्ठांना म्हणाला. वरिष्ठांनी सहा पेन्सांची पैज लावली, आणि ती होर जिंकला! ही आठवण त्यांनीच १९८०च्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात सांगितली आहे.

पण पैज वेगाची होती. लांब उड्यांच्या अदलाबदलीत बरोबरीतल्यांचा मूळ क्रम मोडतो, ही किंमत त्यात धरलेली नव्हती. शेलची रीतही अस्थिर होती आणि १९६४मध्ये जे. डब्ल्यू. जे. विल्यम्स यांनी दिलेली हीपसॉर्टही अस्थिर. ही निवड मूर्खपणाची मुळीच नव्हती. डोनाल्ड क्नुथ यांनी १९७३ साली आपल्या ग्रंथमालेचा तिसरा खंड क्रमवारी आणि शोध या विषयांना वाहिला. त्यात ते सांगतात की, १९६०च्या दशकातील उत्पादकांच्या अंदाजाने संगणकांचा २५ टक्क्यांहून अधिक वेळ क्रमवारी लावण्यातच जात होता. अशा वेळी वेगाला मान मिळणारच. नुसत्या संख्या लावायच्या असतील, तर बिघडतही नाही. एक ७२ आणि दुसरा ७२ यांत फरकच नसतो. फरक पडतो तो त्या ७२ला नाव चिकटलेले असते तेव्हा.

नियम तुमचा, रीत आमची

पुढे आणखी एक बदल झाला. प्रत्येकाने क्रमवारीची आज्ञावली नव्याने लिहिण्याऐवजी संगणकभाषेबरोबरच ती तयार मिळू लागली. ‘सी’ भाषेत तिचे नाव ‘क्यूसॉर्ट’. वापरणाऱ्याने फक्त तुलनेचा नियम द्यायचा. संगणकाच्या भाषेत याला ‘कम्पॅरिझन फंक्शन’ म्हणतात. कोणत्याही दोन नोंदी त्याच्यापुढे ठेवल्या की त्याने उत्तर द्यायचे : पहिली आधी हवी असेल तर ऋण संख्या, दुसरी आधी हवी असेल तर धन, बरोबरी असेल तर शून्य.

ही सोय किती मोलाची आहे, हे मराठी वाचकाला सहज पटेल. शाळेत शिकवल्या जाणाऱ्या वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो आणि मग क्ष, ज्ञ. युनिकोड या संगणकीय वर्णसंचात मात्र ळची जागा ल आणि व यांच्यामध्ये आहे. नुसते वर्णसंकेत पाहून लावले, तर क्रम येईल ‘काळ, काव्य, काहूर’. वर्णमालेप्रमाणे हवा ‘काव्य, काहूर, काळ’. तुलनेचा आपला नियम दिला की हे साधते.

पण शून्य हे उत्तर आल्यावर काय करायचे, हे नियम सांगत नाही. ते आतल्या रीतीवर सोडलेले असते. १९८९ साली ठरलेल्या ‘सी’ भाषेच्या प्रमाणकानुसार बरोबरीच्या नोंदी कोणत्या क्रमाने येतील, ते अनिर्दिष्ट आहे. नियम वापरणाऱ्याचा आणि रीत दुसऱ्याची, अशी ही वाटणी झाली. बरोबरी या दोघांच्या मधल्या फटीत पडली.

आमचा स्वतःचा अनुभव सांगतो. विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदी आम्ही आधी तारखेप्रमाणे लावल्या आणि मग विहिरीप्रमाणे. प्रत्येक विहिरीच्या नोंदी तारखेच्या क्रमात राहतील, असे आम्ही गृहीत धरले होते. सात-आठ नोंदींच्या नमुन्यावर सारे ठीक चालले. सगळ्या नोंदी भरल्यावर मात्र आलेखाची रेषा काळात मागेपुढे धावू लागली. दोन दिवस आम्ही मोजणीच्या उपकरणात दोष शोधत होतो. दोष आमच्या गृहीतात होता.

नमुन्यात चूक का दिसली नाही? अनेक तयार आज्ञावल्या लहान यादीसाठी वर सांगितलेली पत्ते खोचण्याची रीत वापरतात आणि मोठ्या यादीसाठी क्विकसॉर्ट. क्रोम या न्याहाळकातील जावास्क्रिप्ट भाषेत २०१८पर्यंत ही सीमा दहा नोंदींवर होती. दहा मुलांच्या यादीत बरोबरीतल्यांचा क्रम टिके. अकरावा विद्यार्थी आला की शाश्वती संपे. तुकडीच्या छोट्या नमुन्यावर तपासून ‘बरोबर आहे’ म्हणणारा शिक्षक येथे हमखास फसला असता.

नियमच चुकला तर

तुलनेच्या नियमालाही पथ्ये असतात. अ हा ब च्या आधी आणि ब हा क च्या आधी असेल, तर अ हा क च्या आधी असलाच पाहिजे. दगड-कागद-कात्री या खेळात हे पथ्य मोडते. कागद दगडाला हरवतो, कात्री कागदाला आणि दगड कात्रीला. त्यामुळे या तिघांची क्रमवारी लावताच येत नाही. हे उघड आहे. फसवे उदाहरण दुसरेच. ‘एका गुणाचा फरक दुर्लक्षणीय माना’ असा उदार नियम कोणी केला, तर ७० आणि ७१ सारखे, ७१ आणि ७२ सारखे, पण ७० आणि ७२ वेगळे! ही ‘बरोबरी’ एकाकडून दुसऱ्याकडे पोचतच नाही, आणि क्रम रीतीप्रमाणे काहीही लागू शकतो. मोजमापातल्या त्रुटीला जागा ठेवण्याची सवय असलेल्या आम्हा प्रयोगवाल्यांकडून ही चूक सहज होते. उपाय असा की आधी गुणांचे ठरावीक गट पाडावेत आणि मग गटांची तुलना करावी.

अशा चुका वर्षानुवर्षे लपून राहू शकतात. जावा भाषेत २०११ साली क्रमवारीची नवी रीत आली. तिला तुलनेच्या उत्तरांत विसंगती आढळली, तर काही वेळा ती काम थांबवून तशी तक्रार करी. तोवर सुरळीत वाटणाऱ्या अनेक आज्ञावल्या त्यामुळे अडल्या. चूक आधीपासूनच होती. नव्या रीतीने ती बोलून दाखवली इतकेच.

स्थिरता परतली

ही नवी रीत मूळची पायथन भाषेतली. टिम पीटर्स यांनी ती २००२ साली रचली. तिला ‘टिमसॉर्ट’ म्हणतात. प्रत्यक्षातल्या याद्या सहसा पूर्ण विस्कटलेल्या नसतात, त्यांत आधीच क्रमात असलेले तुकडे असतात, हे तिचे सूत्र. असे तुकडे शोधायचे आणि फॉन नॉयमन यांच्याप्रमाणे विलीन करायचे. ती स्थिर आहे आणि जवळपास लागलेल्या यादीवर अतिशय वेगवान. स्मृती स्वस्त झाली होती, त्यामुळे जादा जागेची किंमत आता परवडत होती. ‘सी++’ भाषेच्या १९९८च्या प्रमाणकाने साधी आणि स्थिर अशा दोन वेगळ्या आज्ञा देऊन निवड वापरणाऱ्यावर सोपवली होती. जावास्क्रिप्टच्या २०१९च्या प्रमाणकाने स्थिरता सक्तीची केली. २०१५मध्ये गणिती सिद्धतेच्या साधनांनी तपासताना टिमसॉर्टच्या जावातील आज्ञावलीत एक सूक्ष्म दोष सापडला आणि तो दुरुस्त करण्यात आला. जगभर वापरात असलेल्या आज्ञावलीतही चूक राहू शकते, हा त्यातला धडा.

वर्गात करून पाहण्याजोगे

पत्त्यांच्या जोडातून चारही रंगांचे एक्का ते पंजा असे वीस पत्ते घ्या. ते आधी रंगाप्रमाणे लावा. मग मुलांच्या एका गटाला खोचण्याच्या रीतीने आणि दुसऱ्याला अदलाबदलीच्या रीतीने ते आकड्याप्रमाणे लावायला सांगा. चार दुऱ्ऱ्यांचा रंगक्रम कोणाकडे टिकला, कोणाकडे मोडला, हे मुलांनाच शोधू द्या. मग विचारा : अस्थिर रीतच वापरायची सक्ती असेल, तर क्रम कसा टिकवाल? थोड्या वेळाने कोणीतरी सांगेल, ‘प्रत्येक पत्त्यावर पेन्सिलीने आधीचा क्रमांक लिहू आणि बरोबरी झाली की तो पाहू.’ हेच उत्तर आहे. नियमाने कधीच शून्य म्हणू नये अशी तजवीज केली, की रीत कोणतीही चालते.

येथे एक सावधगिरी हवी. स्थिर रीत म्हणजे न्याय्य रीत नव्हे. ती फक्त आधीचा क्रम जपते. आधीचा क्रम वर्णानुक्रम असेल, तर बरोबरीत अनिता नेहमीच फातिमाच्या आधी येईल, या परीक्षेत आणि पुढच्याही. साठ जागांच्या यादीत साठावी अनिता आणि एकसष्टावी फातिमा असेल, तर फातिमाची जागा तिच्या नावातल्या पहिल्या अक्षराने घालवली, असा त्याचा अर्थ होतो. अस्थिर रीतीत ती यंत्राच्या अंतर्गत उड्यांनी घालवली असती. दोन्ही वेळा निर्णय झाला, पण तो घेतला मात्र कोणीच नाही.

म्हणून यादी करण्यापूर्वीच ठरवावे आणि लिहून ठेवावे : गुण सारखे आल्यास कोणत्या विषयाचे गुण पाहायचे, तेही सारखे असल्यास काय पाहायचे, आणि तरीही बरोबरी राहिली तर दोघांनाही एकच क्रमांक द्यायचा की चिठ्ठी टाकायची. संगणक हा नियम निमूटपणे पाळील. तो देण्याचे काम मात्र आपले आहे.